तीन वाक्यांत कारण

हिरामण पगारे सरांच्या वर्गात शिरताना चपला आणि मराठी, दोन्ही दाराबाहेर काढून ठेवाव्या लागत. हे वाक्य सरांचंच. नवं मूल आलं की ते त्याला पहिल्या दिवशी हसत हसत हे सांगत, आणि मूल हसलं की पाठीवर हात ठेवून आत घेत. द्वारका सर्कलच्या मागच्या कॉलनीत बुद्धविहाराला लागून एक लांबट सभागृह आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांनी तिथं संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग सुरू केला. फी नाही, परीक्षा नाही. अट एकच, उंबरठा ओलांडला की इंग्रजी.

तेही साधंसुधं इंग्रजी नव्हे. 'गुड' आणि 'बॅड'वरच आयुष्य काढायचं असेल तर शिकायला कशाला येता, असं ते मुलांना विचारत. रोज फळ्यावर एक भारदस्त शब्द लिहायचा, त्याचा अर्थ, त्याचा स्वभाव, तो कुठं शोभतो आणि कुठं हास्यास्पद दिसतो, हे सगळं गोष्टी सांगितल्यासारखं सांगायचं. मग उच्चार. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू, 'टीएच'ला जिभेचं टोक दातांच्या फटीत. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'पेपर' म्हणायचं. पट्टी हलली तर 'पी' जमला. लांबलचक शब्दात जोर कुठल्या अक्षरावर येतो, ते तिथं टाळी वाजवून लक्षात ठेवायचं. मूल कितीदा चुकलं तरी सरांचा आवाज चढत नसे. एका मुलाचा एक उच्चार सुधारायला ते पूर्ण आठवडा घालवत आणि त्यांना त्याचा कंटाळा कसा तो येत नसे.

उशिरा येणाऱ्याला त्यांच्याकडे शिक्षा नव्हती, खेळ होता. दारातच उभं राहून उशिराचं कारण तीन पूर्ण इंग्रजी वाक्यांत सांगायचं, आणि तिसऱ्या वाक्यात त्या दिवसाचा शब्द आलाच पाहिजे. कारण खरं असावं अशी अट नव्हती. उलट जितकी मोठी थाप, तितकी मजा. नवनाथनं एकदा सांगितलं होतं की द्वारका सर्कलला उंटानं ट्रॅफिक हवालदाराची शिट्टी गिळली आणि आता तो उंटच गाड्या थांबवतोय. लखनला गोदावरीतल्या मगरीनं पत्ता विचारला होता. स्नेहा डोळ्यांत खरंखुरं पाणी आणून थापा मारायची. तिचं नाटक तर सगळ्यांत गाजलेलं. कारण जमलं की सगळा वर्ग टाळ्या वाजवी. कारण सांगायला मिळावं म्हणून काही पोरं मुद्दाम विहाराच्या कोपऱ्यावर रेंगाळत आणि सरांना ते ठाऊक असे.

तेजल मात्र कधीच उशिरा येत नसे. आठवीतली ही मुलगी. आईवडील विंचूरला कांद्याच्या खळ्यावर कामाला, म्हणून ती इथं आजीजवळ राहायची. आजी, ठमाबाई, मूळची कळवणकडची. कॉलनीजवळच्या एका खानावळीत भाकऱ्या करायची. तेजलच्या तोंडात गावाकडचं 'लय' आणि 'नाय' होतं आणि शाळेतल्या मुली त्याला हसायच्या. इंग्रजीत मात्र सगळेच सारखे कच्चे होते. तिथं तिला कुणी हसत नव्हतं, म्हणून तिला इंग्रजी आवडायचं. हे सरांनी फार लवकर ओळखलं होतं. तिचा कान असा होता की एकदा ऐकलेला उच्चार ती उचलून तसाच्या तसा परत ठेवायची. ही पोर पुढं जाणार, असं सर घरी बायकोला सांगत.

जानेवारीतल्या एका मंगळवारी वर्गाला पाहुणा आला. धनराज, सरांचा जुना विद्यार्थी, आता पुण्यात मोठ्या कंपनीत. स्वतःची गाडी घेऊन आला होता. सरांचा वर्ग बघायचा म्हणून मागच्या भिंतीला टेकून मुलांसोबत सतरंजीवर बसला. सरांना त्या दिवशी जरा जास्तच उत्साह आला. शब्दही तसाच दमदार निवडला होता, 'प्रिकेरिअस'. ओट्याच्या अगदी कडेला ठेवलेली भरली कळशी, सर सांगत होते. अजून पडलेली नाही, पण जरा धक्का लागला की गेली. अशा अवस्थेला म्हणायचं प्रिकेरिअस. टाळी 'के'वर.

मुलांची टाळी पडली आणि दारात तेजल उभी राहिली. धापा टाकत होती.

"सर, आजी..."

सरांनी हसून बोट वर केलं. पाहुण्याकडे एकदा पाहिलं, आता बघ म्हणून. "इंग्लिश, तेजल. थ्री सेंटेन्सेस."

ती क्षणभर सरांकडे पाहत राहिली. वर्गात कुजबुज झाली. तेजल उशिरा आली म्हणजे नवलच होतं, आणि आता ती काय फेकते हे ऐकायला सगळे सरसावून बसले.

"माय ग्रँडमदर फेल इन द बाथरूम," ती म्हणाली.

घाईत तिचा 'टीएच' साफ निसटला होता. सरांनी काही न बोलता आपल्या पुढच्या दातांवर बोट टेकवलं. तिनं जिभेचं टोक दातांत धरलं आणि वाक्य पुन्हा म्हटलं. आता ते चोख आलं. "गुड," सर म्हणाले. "नेक्स्ट."

"शी इज नॉट ओपनिंग हर आईज."

पुढच्या रांगेतल्या स्नेहानं तेजलचे ओले डोळे पाहून कौतुकानं मान डोलावली. इतकं तर तिलाही कधी साधलं नव्हतं. सर शांतपणे थांबले. तिसऱ्या वाक्याला मुलांना वेळ लागतो, घाई करायची नाही, ही त्यांची जुनी रीत. तेजलचे ओठ हलत होते. शब्द सापडेपर्यंत सरांनी तिला वेळ दिला.

"हर कंडिशन इज... प्रिकेरिअस."

टाळ्यांचा कडकडाट झाला. जोर बरोबर 'के'वर आला होता. सगळ्यांत मोठी टाळी धनराजची होती. सरांनीही वाजवल्या. मग त्यांनी तिला आत येऊन बसायची खूण केली, आणि ती बसेना तेव्हा त्यांची नजर खाली गेली. तिच्या पायांत चपला नव्हत्या. दाराबाहेरच्या ढिगातही तिनं काही काढून ठेवलं नव्हतं. गुडघ्यापर्यंत सलवार ओली होती.

"सर, खरंच पडली ती," तेजल म्हणाली. "उठत नाय."

पुढचं सगळं भराभर झालं. धनराजची गाडी दारात होती म्हणून बरं. ठमाबाईंना शेजाऱ्यांच्या मदतीनं मागच्या सीटवर घातलं, द्वारकाच्या कोंडीतून हॉर्न वाजवत सिव्हिलला नेलं. डोक्यात रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि वाचा गेली.

कॉलनीत त्या आठवड्यात एकच बोलणं होतं, की पगारे सर होते म्हणून म्हातारी वाचली. सरांच्या वर्गात गाडीवाला माणूस होता, सरांनी क्षणाचा विलंब लावला नाही. तेजलच्या आईवडिलांनी विंचूरहून धावत येऊन सरांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. आईला खळ्यावर फार दिवस सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. ती परत गेली आणि दर दोन दिवसांनी सरांना फोन करून आभार मानू लागली. सर हूं हूं करत आणि घाईनं फोन ठेवत.

त्यांनी एकदा डॉक्टरांना आडून आडून विचारलं होतं, थोडी मिनिटं इकडे तिकडे झाली तर किती फरक पडतो. डॉक्टर घाईत होते. म्हणाले की अशा केसमध्ये मिनिटाला किंमत असते, पण तुम्ही वेळेत आणलंत, मनाला लावून घेऊ नका. त्या उत्तराचा पहिला अर्धा भागच सरांच्या मनात राहिला. घास गिळताना, वर्तमानपत्र उघडताना, त्यांना ते दातांवर टेकवलेलं बोट आठवे. पडलेली म्हातारी त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती, पण डोळ्यांपुढं ती येत नसे. ते बोट येई, आणि त्यापाठोपाठ जीभ दातांत धरणारी ती आज्ञाधारक पोर.

वर्ग चालू होता. नवनाथ एका संध्याकाळी उशिरा आला, दारात उभा राहून त्यानं घसा साफ केला. सर म्हणाले, "बस खाली." तो म्हणाला, सर, कारण? सर म्हणाले, "नको." पोरगा हिरमुसला होऊन बसला. मुलांना काहीच कळलं नाही. त्यांच्या लेखी झालं ते इतकंच, की तेजलची आजी पडली आणि सरांनी तिला वाचवलं. टाळ्यांचा विषय कुणी काढला नाही. मुलं असं काही पटकन विसरतात किंवा विसरल्यासारखं करतात.

घरी मात्र एक माणूस होतं, ज्याला सगळं माहीत होतं. सरांनी त्याच रात्री बायकोला, संध्याबाईंना, सांगून टाकलं होतं. मग सर रोज दूध, कधी फळं, कधी औषधं घेऊन ठमाबाईंकडे निघू लागले, तेव्हा एक दिवस पिशवी हातात देत त्या म्हणाल्या, "अहो, सगळं पोचवताय तिथं. ती एक गोष्ट तेवढी कधी पोचवणार?"

सर पिशवी घेऊन निघाले.

ठमाबाईंना घरी आणल्यापासून सर त्यांची वाचा परत आणायच्या मागे लागले होते. सिव्हिलमधल्या, वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंनी व्यायाम सांगितले होते आणि ते सरांच्या हातचे होते. आरसा समोर धरायचा. ओठ मिटून 'प', 'ब', 'म'. आधी नुसता आवाज, मग 'पाणी', मग 'बाळ'. कापसाचा बोळा तळहातावर ठेवून फुंकर मारायची. ठमाबाईंचा ओठ उजवीकडून मिटत नसे, वारा निसटून जाई. सर पुन्हा सांगत, पुन्हा. पंधरवड्यानं 'पाणी' स्पष्ट आलं तेव्हा म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं डाव्या हातानं सरांचा हात धरून कपाळाला लावला. सरांना आपला हात ओढून घ्यावासा वाटला. ओढता आला नाही.

तेजल तिथंच असायची, गॅसच्या शेगडीपाशी. आता भाकऱ्या ती करायची. सरांना चहा द्यायची, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. वर्गात येणं तिनं सोडलं होतं. आजीजवळ कुणी नाही, हे कारण खरंच होतं. सर त्याबद्दल काही बोलत नसत. तिच्याकडे नीट बघतही नसत.

एका संध्याकाळी सर निघाले, तेव्हा ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "सर, 'पॅरालिसिस'मध्ये टाळी कुठं?"

"रॅ वर," सर म्हणाले. सवयीनंच. "परॅलिसिस."

तिनं तसं म्हणून पाहिलं. बरोबर आलं. मग तिनं 'अनकॉन्शस' विचारला. मग 'हॅमरेज'. मोबाइलवर शोधून पाठ केलेत, ती म्हणाली, पण उच्चार बरोबर हायत का ते कळत नाय. सरांनी एकेक शब्द तिला म्हणून दाखवला. शेवटी त्यांनी विचारलं की हेच शब्द का.

"परत कधी झालं तर पटकन सांगता यावं," तेजल म्हणाली. "त्या दिवशी मला नीट सांगताच आलं नाय, सर. मला 'अनकॉन्शस' येत असतं तर तुम्हाला लगेच कळलं असतं ना?"

सरांना वाटलं, आता इथंच सांगावं. पण गल्लीतून कुणीतरी "जय भीम, सर" म्हणत गेलं, सरांनी वळून "जय भीम" म्हटलं, आणि परत वळेपर्यंत ती आत गेली होती. किंवा ती आत जाईपर्यंत ते मुद्दाम वळले नाहीत. घरी जाताना त्यांना यातलं दुसरंच खरं वाटत राहिलं. मुलाला एक चुकीचा उच्चार शिकवला गेला तर दुसऱ्या दिवशी ते वर्गापुढं उभं राहून तो दुरुस्त करत. आणि इथं एक पोर अख्खा दोष आपल्या डोक्यावर घेऊन अवघड शब्द पाठ करत बसली होती, आणि त्यांनी तिला टाळी कुठं वाजवायची ते सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते हातात काही न घेता गेले. संध्याबाईंनी पिशवीचं विचारलं नाही.

ठमाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. तेजल भाकरी थापत होती. सरांनी आरसा उचलला नाही. खाटेसमोरच्या लोखंडी खुर्चीवर ते बसले आणि म्हणाले की ठमाबाई, मला तुम्हाला काही सांगायचंय, तेजलनंही ऐकावं. मग त्यांनी त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं. उशिराच्या कारणांचा खेळ, पाहुणा, तीन वाक्यं. बाथरूमचा उच्चार दुरुस्त केला तेही सांगितलं. सांगताना त्यांना जाणवलं की आपण सावकाश, मुद्देसूद, मुलांना समजावल्यासारखं बोलतोय, आणि त्यांना स्वतःच्या त्या आवाजाचा राग आला. तो सूर काही केल्या मोडेना.

"ती धावत आली होती, तुम्हाला वाचवायला," शेवटी ते म्हणाले. "तिचं काही चुकलं नाही. एक शब्दही चुकला नाही. मी तिला थांबवून ठेवलं. मी टाळ्या वाजवल्या."

ठमाबाईंनी तेजलकडे पाहिलं. ओठ हलले, वारा निसटला. पुन्हा जुळवून त्या म्हणाल्या, "टा... टाळ्या?"

तेजल पाठमोरी होती. भाकरी तव्यावर पडली. ती वळली नाही.

"हो," सर म्हणाले. "सगळ्यांनी."

बाहेर कुणाच्या तरी रिक्षाचं रिव्हर्सचं गाणं वाजून थांबलं. सरांना वाटलं होतं की म्हातारी हात झटकेल, जाऊ द्या सर म्हणेल, आणि मग आपल्याला आणखी लाज वाटेल. पण बोलली ती तेजल.

"मला वाटलं टाळ्या झाल्या की तुम्ही उठणार," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला कळलंय. तुम्हाला सगळंच कळतं म्हणून."

"नाही कळलं."

"रडत होते मी." आता ती वळली. पिठाचे हात तसेच समोर धरलेले. "खेळात कोण रडतं का, सर?"

स्नेहा रडायची. ते खरं होतं आणि सरांच्या ओठांवर आलंही होतं. त्यांनी ते गिळलं.

"लय वेळ थांबलात तुम्ही. मी तो शब्द शोधत होते तर तुम्ही नुसतं बघत होता. आजी तिकडं मोरीत पडलेली आन् मी इथं जीभ दातात धरून उभी. का, तर तुम्ही म्हणाला म्हणून. तुम्ही म्हणाल ते मी सगळं करायचे." तिनं मनगटानं केस मागे सारले. "रोज रात्री मला वाटतं, मी का नाय वरडले? मराठीत का नाय वरडले? आणि तुम्ही रोज येऊन आजीला प ब म शिकवता. मला वाटायचं, सरांना तर काहीच वाटत नाय. म्हणजे चूक माझीच."

सर पुढं झुकले होते. ठमाबाईंना वाटलं असावं की ते तिला गप्प करणार, समजूत घालणार. त्यांनी डावा हात आडवा धरला.

"बो... बोलू द्या," त्या म्हणाल्या.

सर मागे टेकले. तेजल बोलत राहिली. तिच्या बोलण्याला आता काही क्रम नव्हता. वाटेत भेटलेल्या ज्या बाईला तिनं हाक मारली नाही ती, विहारापर्यंत अनवाणी पळताना लागलेली काच, सिव्हिलच्या बाकड्यावर धनराजनं 'छान बोललीस हं' म्हटलं ते. ते सरांना माहीतच नव्हतं. इंग्रजीचा आवाजसुद्धा ऐकवत नाय आता, ती म्हणाली, आणि तरीही शब्द पाठ करते, कारण भीती वाटते. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला तेव्हा तिनं उचटणं घेऊन ती काढली, बाजूला टाकली, गॅस बंद केला. मग भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही.

हातांवरचं वाळलेलं पीठ चोळत ती म्हणाली, "रविवारी आई येणार हाय."

"हो. फोन आला होता तिचा," सर म्हणाले.

"तिला तुम्ही सांगायचं. मी नाय सांगणार. ती तुमच्या पाया पडायच्या आधी सांगायचं."

"सांगतो."

"दातांचं पण."

"तेही सांगतो."

ठमाबाईंनी डोळे मिटले होते. झोपल्या होत्या की नाही, कळायला मार्ग नव्हता. आज आता आरसा धरायचा का, असं सरांना विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. निघावं तरी कसं, ते कळेना. तेजल उठली, हात धुतले आणि उरलेल्या पिठाचा गोळा परत मळायला घेतला. तिनं त्यांना जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. सर खुर्चीवर बसून राहिले.